वाढव नं बे आवाज!

पॉवर अ‍ॅम्प्लिफायर, म्हणजे वऱ्हाडात ज्याला नुसते मशीन म्हणतात ते, मिक्सरकडून येणारा व्होल्टभराचा अशक्त संकेत घेते आणि तो स्पीकरचा कोन हलवू शकेल इतका दणकट करून पुढे पाठवते. संकेताचा आकार तोच राहावा आणि फक्त ताकद वाढावी, एवढीच त्याच्याकडून अपेक्षा असते. ही अपेक्षा मशीन बनवणाऱ्यांची. अकोल्यात टिळक रोडवर किंवा अमरावतीत राजकमल चौकात मिरवणुकीपुढे उभ्या असलेल्या मंडळाच्या अध्यक्षाची अपेक्षा याहून मोठी असते: मागच्या मंडळाच्या पोट्ट्यांना त्यांच्या स्वतःच्या मशीनपेक्षा आपले मशीन जास्त ऐकू आले पाहिजे. स्पीकर जळण्याची जी कारणे तांत्रिक पुस्तकांत दिलेली असतात ती सगळी खरी आहेत, पण इकडे त्या सगळ्यांच्या मुळाशी हा अध्यक्ष सापडतो.

मशीनच्या पोटात वीजपुरवठ्याच्या दोन मर्यादा असतात, एक धन बाजूची आणि एक ऋण बाजूची. बाहेर पडणारा व्होल्टेज या दोहोंच्या मध्ये हवा तसा नाचू शकतो, पलीकडे जाऊ शकत नाही. ८ ओहमच्या स्पीकरला ४०० वॅट द्यायचे तर लाटेच्या माथ्यावर ८० व्होल्ट लागतात, आणि ४०० वॅटच्या मशीनची मर्यादाही साधारण तिथेच असते. आता ऑपरेटरने नॉब आणखी फिरवला आणि गाण्याने १०० व्होल्ट मागितले, तर मशीन ८० देते. उरलेले २० कोणाच्याच खात्यावर जमा होत नाहीत. लाटेचा गोल माथा विळ्याने एका रेषेत कापलेल्या ज्वारीच्या ताटांसारखा सपाट होतो. यालाच क्लिपिंग म्हणतात.

कानाला ते खरखरीत आणि चिरके लागते. वऱ्हाडीत त्याचे वर्णन 'आवाज फाटून राहिला' असे होते आणि हे वर्णन शास्त्रीयदृष्ट्याही बरोबर आहे. अडचण एवढीच, की फाटका आवाज ही दोषाची खूण आहे हे ऑपरेटरला माहीत असते, तर नाचणाऱ्यांच्या दृष्टीने ती मशीन पूर्ण क्षमतेने चालू असल्याची पावती असते. न फाटता वाजणाऱ्या मशीनबद्दल त्यांना शंका येते. 'अबे, यात दम नाई दिसत,' असे कोणीतरी म्हणते, आणि मग तो प्रसिद्ध आदेश सुटतो: 'वाढव नं बे आवाज!'

क्लिपिंगने स्पीकर का जळतो, याबद्दल दुकानादुकानांत वेगवेगळी मते ऐकू येतात. त्यातले सर्वांत लाडके मत असे, की छोटे मशीन मोठ्या स्पीकरला लावले की स्पीकर जळतो. यात अर्धे सत्य आहे. गाणे नीट वाजत असताना ४०० वॅटचे मशीन सतत ४०० वॅट देत नसते. ढोलाच्या ठोक्याला ते तिथवर उडी मारते आणि लगेच खाली येते. सरासरी ५० वॅटच्या आसपास राहते. स्पीकरची कॉइल या सरासरीवर जगते, कारण दोन ठोक्यांच्या मधल्या फटीत ती थंड होते. क्लिपिंग सुरू झाले की माथे तिथेच राहतात आणि मधल्या दऱ्या भरून येतात, सरासरी वाढत जाते. लाट पूर्ण चौकोनी झाली तर त्याच मशीनमधून, त्याचा वीजपुरवठा दमला नाही तर, ४०० च्या दुप्पट म्हणजे ८०० वॅट निघतात. तेव्हा मशीन छोटे असल्याने स्पीकर जळत नाही. छोट्या मशीनकडून मोठ्या मशीनचे काम करून घेण्याच्या हट्टाने तो जळतो.

ही सगळी ताकद जाते कुठे, हा पुढचा प्रश्न. साध्या कोनाच्या स्पीकरमध्ये शंभरातले दोन-चार भागच आवाज होतात, बाकीची उष्णता. म्हणजे मंडळाने भाड्याने आणलेली वस्तू मुख्यतः शेगडी आहे आणि जाता जाता ती गाणेही वाजवते. कॉइलमधले तांबे तापले की त्याचा विद्युतरोध वाढतो. तापमान २०० अंशांनी वाढले तर रोध पावणेदोन पटीच्या वर जातो. रोध वाढला की त्याच व्होल्टेजवर स्पीकर कमी ताकद घेतो आणि आवाज अडीच डेसिबलच्या आसपास खाली येतो. मिरवणूक दोन तास चालल्यावर अध्यक्षाला नेमके हेच जाणवते: 'मघापासून आवाज कमी कायले केला बे?' ऑपरेटरने काहीही कमी केलेले नसते. पण वाद घालण्याची ती जागा नसते, म्हणून तो नॉब फिरवतो, कॉइल आणखी तापते, आवाज आणखी पडतो, अध्यक्ष आणखी चिडतो. हे चक्र कॉइलवरचे वार्निश सुटून फेरे एकमेकांना चिकटेपर्यंत चालते. मग बेसमधून करपल्याचा वास येतो, आणि उदबत्तीच्या धुरात तो कोणाला कळतही नाही.

टॉपचे मरण वेगळे. बारीक आवाजाच्या युनिटची कॉइल केसासारख्या तारेची असते आणि तिला थोडीच ताकद सोसते, कारण गाण्यात बारीक आवाजांचा वाटा मुळात कमी असतो. एकाच मशीनवर बेस आणि टॉप दोन्ही चालवले आणि बेसच्या ठोक्यांनी मशीन क्लिप झाले, की सपाट माथ्यांतून वरच्या पट्टीचे नवे स्वर तयार होतात. ते गाण्यात नसतात, संगीतकाराला ठाऊक नसतात, पण जाड आणि बारीक आवाज वेगळे करणारा क्रॉसओव्हर त्यांना इमानदारीने टॉपकडे पाठवतो. त्यात गाण्याच्या बारीक भागाचीही सरासरी वाढलेली असते. म्हणून बेसच्या हौसेपायी आधी टॉप जातो, आणि सगळे एकमेकांना विचारतात की टॉप तर आपण वाढवलाच नव्हता. बेसला आणि टॉपला वेगळी मशीने दिली की हे टळते. बेसच्या मशीनवर ३०–४० हर्ट्झच्या खालचे कापणारा फिल्टरही हवा. त्याखाली पेटीला कोन आवरत नाही. तो हवेत फडफडतो, आवाज देत नाही आणि कॉइल चुंबकाच्या फटीबाहेर येऊन घासते.

आता वॅटचा हिशेब. ताकद दुप्पट केली की आवाज ३ डेसिबलने वाढतो. ३ डेसिबल म्हणजे लक्ष देऊन ऐकणाऱ्याला 'थोडा वाढला वाटते' इतका फरक. आवाज दुप्पट वाटायचा तर साधारण १० डेसिबल हवेत, म्हणजे ताकद दहापट. शेजारच्या मंडळाने १००० वॅटचे मशीन आणले म्हणून २००० वॅटचे आणणाऱ्या मंडळाने भाडे दुप्पट भरलेले असते आणि फरक मात्र डेसिबल मोजण्याच्या यंत्राखेरीज फारसा कोणाला कळत नाही. उघड्यावर अंतर दुप्पट झाले की आवाज ६ डेसिबलने उतरतो, तेव्हा १० मीटरवरचा दणका २० मीटरवर तसाच ठेवायला चौपट मशीन लागेल. लग्नाच्या मोठ्या मैदानात शेवटच्या पंगतीपर्यंत आवाज न्यायचा असेल, तर समोरचे दोन बॉक्स फाडण्यापेक्षा मागे एखादा छोटा बॉक्स ठेवणे स्वस्त आणि सभ्य पडते. हे गणित कोणाच्याही वर्गणीने बदलत नाही.

वॅटच्या आकड्यांवर एकेकाळी पीएमपीओ नावाची एक मौज होती. नव्वदच्या दशकात टेबलावर मावणाऱ्या टेपरेकॉर्डरवर हजारो वॅट पीएमपीओ छापलेले असत आणि त्यांना पुरवठा करणारा ट्रान्सफॉर्मर मुठीत बसत असे. पीएमपीओची कोणतीही मान्य व्याख्या नव्हती. स्पीकरवरचे आकडेही तीन प्रकारचे असतात: सतत सोसणारी ताकद, तिच्या दुप्पट 'प्रोग्रॅम' आणि चौपट 'पीक'. पेटीवर मोठ्या अक्षरांत कोणता छापला जातो, हे सांगायला नको. मशीन निवडताना पहिला आकडा धरावा. ऑपरेटर समजूतदार असेल तर त्या आकड्याच्या दीड ते दोन पट मशीन चालते, कारण वरची जागा ठोक्यांसाठी राखली जाते. समजूतदार नसेल तर बरोबरीचे किंवा थोडे कमीच बरे.

ओहमचा घोळ हा जोडणीतला सर्वांत मोठा घोळ. ८ ओहमचे दोन स्पीकर समांतर जोडले की ४ ओहम होतात, चार जोडले की २. मशीनच्या पाठीवर 'किमान ४ ओहम' असे लिहिलेले असते, पण मशीनची पाठ नेहमी ट्रॉलीच्या आतल्या बाजूला असते. 'अजून दोन बॉक्स पडेल आहेत, लावून दे' या उदार सूचनेनंतर मशीनकडून दुप्पट प्रवाह मागितला जातो. चांगले मशीन स्वतःला बंद करून घेते. जुने मशीन आपले ट्रान्झिस्टर देऊन टाकते. ट्रान्झिस्टर आरपार गेला की वीजपुरवठ्याचा सरळ डीसी स्पीकरवर येतो, कोन एका बाजूला जाऊन थांबतो आणि कॉइल काही क्षणांत कोळसा होते. हे टाळायला डीसी प्रोटेक्शनचा रिले आणि नीट मापाचा फ्यूज असतो. फ्यूज उडाला की त्याजागी तांब्याची जाड तार बांधण्याची प्रथा आहे. ती बांधल्यावर फ्यूज पुन्हा कधीच उडत नाही. पुढच्या वेळी दुसरे काहीतरी उडते. दोन चॅनल जोडून एक करण्याच्या ब्रिज जोडणीत तर प्रत्येक चॅनलला स्पीकरच्या निम्मेच ओहम दिसतात, शिवाय दोन्ही टोकांना जिवंत आणि जिवाला धोकादायक व्होल्टेज असतो. ती जोडणी मिरवणुकीच्या मध्यावर, टॉर्चच्या उजेडात करू नये. आणि दोन बेसपैकी एकाचे लाल-काळे उलटे जोडले गेले, तर दोघे एकमेकांचा आवाज खातात. बेस गायब झालेला दिसला की उपाय म्हणून काय केले जाते, ते वाचकाने ओळखले असेलच.

कर्ण्यांचे शास्त्र याहून जुने आणि शहाणे आहे. देवळावर, सभेत किंवा यात्रेत कर्णे लांबवर टांगायचे असतात. १ चौरस मिलिमीटरची तांब्याची तार १०० मीटर नेली तर जाऊन-येऊन जवळपास साडेतीन ओहम तारेतच होतात. ८ ओहमच्या युनिटला पोचणारी ताकद त्यामुळे निम्म्यावर येते. म्हणून अशा मशीनना १०० व्होल्ट लाइन दिलेली असते. २५० वॅट ८ ओहमवर द्यायला साडेपाच अँपियर लागतात, १०० व्होल्टवर अडीचच, आणि त्याच तारेने पोचणारी ताकद जेमतेम १५ टक्क्यांनी घटते. नियम एकच: कर्ण्यांच्या ट्रान्सफॉर्मरवर निवडलेल्या वॅटची बेरीज मशीनच्या वॅटच्या ८० टक्क्यांपुढे जाऊ नये. २५० वॅटच्या मशीनवर ३० वॅटचे सहा कर्णे सुखाने नांदतात. सातवा सरपंचाच्या घराकडे तोंड करून लागतो, आठवा विरोधी पार्टीच्या घराकडे, आणि मशीन तापायला लागते. ट्रान्सफॉर्मरशिवायचे नुसते युनिट १०० व्होल्टवर लावले, तर ते पहिल्याच 'हॅलो'ला शहीद होते.

हे झाले जगात कुठेही लागू पडणारे. वऱ्हाडाने त्यात आपली भर घातली आहे.

पहिली भर विजेच्या लाइनची. साध्या ट्रान्सफॉर्मरच्या मशीनमध्ये आतली मर्यादा बाहेरच्या लाइनवर ठरते. २३० व्होल्टच्या जागी १८० आले, तर ४०० वॅटचे मशीन २४५ वॅटवरच क्लिप होऊ लागते. संध्याकाळी गावभर दिवे आणि पंखे लागले की नॉब न हलवता आवाज फाटतो तो यामुळे. आकडा टाकून घेतलेल्या लाइनवर तर व्होल्टेज वाऱ्यावर अवलंबून असतो. जनरेटर बरा, पण त्याच्यावर मशीनच्या जोडीला शंभर रंगीत दिवे टाकले की प्रत्येक ठोक्याला दिवे मान डोलावतात. लोकांना ती रोषणाईची करामत वाटते. प्रत्यक्षात जनरेटर शरण आलेला असतो. प्लग न लावता उघड्या तारा सॉकेटमध्ये आगकाडीने दाबून बसवणे, हा प्रकार श्रावणाच्या पावसात आवाजापेक्षा माणसाच्या जिवाला जास्त महाग पडतो. अर्थिंगची तिसरी पिन कापून टाकू नये आणि जनरेटरवरही गळती पकडणारा ब्रेकर असावा.

दुसरी भर उन्हाची. बहुतेक मशीने ४० अंशांपर्यंतच्या हवेचा विचार करून बनवलेली असतात. अकोल्यात मे महिन्यात पारा ४५ च्या पुढे जाणे ही बातमी नसते. २०२४ च्या मे महिन्यात तर उन्हामुळे जिल्ह्यात जमावबंदीचे कलम १४४ लावावे लागले. लग्नसराई नेमकी त्याच महिन्यात असते, आणि नवरदेवाच्या मागच्या ट्रॉलीत मशीन उन्हात उभे असते. ते तापते म्हणून कोणी दयाळू मनुष्य त्याच्यावर ओले पोते टाकतो. त्याने हवेच्या जाळ्या बंद होतात आणि पाणी आत जाते, म्हणजे एकाच उपायाने दोन बिघाड. मशीनला सावली वरून द्यावी, अंगावर नाही, आणि पुढे-मागे वीतभर जागा मोकळी सोडावी. कापसाच्या या मुलखात सरकी-जिनिंगच्या आसपास उडणारे तंतू पंख्याच्या जाळीवर बसून तिची गादी करतात. हंगामात ती वरचेवर झटकावी लागते. चांदूर बाजार तालुक्यातल्या बहिरमची यात्रा डिसेंबरच्या थंडीत सुरू होते, तेव्हा मशीनला तिथे उन्हाचा त्रास नाही. धुळीचा आहे.

तिसरी भर जागरणाची. श्रावणातल्या शेवटच्या सोमवारी अकोल्याच्या राजराजेश्वराला जाणाऱ्या कावडी आदल्या रात्री गांधीग्रामला पूर्णेचे पाणी भरतात आणि सुमारे १८ किलोमीटर चालत येतात. त्यांच्या सोबतीच्या गाड्यांवरची मशीनेही रात्रभर चालतात. एका गाण्यापुरती सोसणारी ताकद रात्रभर सोसत नाही. भक्त खांदा बदलतात. कॉइलला खांदेपालट नसतो. अशा जागरणाला निम्म्या जोरावर चालणारी व्यवस्थाच पहाटेपर्यंत टिकते.

नॉबबद्दलचा गैरसमज इथे दूर करणे भाग आहे. मशीनवरचा नॉब ताकद ठरवत नाही. किती संकेतावर मशीन पूर्ण ताकदीला पोचेल, एवढेच ठरवतो. मिक्सरमधून जोरकस संकेत येत असेल तर नॉब निम्म्यावर असतानाही मशीन क्लिप होते. 'निम्म्यावरच तर होता' हे वाक्य दुरुस्तीच्या दुकानात फार ऐकू येते. पातळी सर्वांत मोठ्या आवाजावर लावायची असते. तळेगाव दशासरच्या शंकरपटासारख्या बैलजोड्यांच्या शर्यतीत याचे उत्तम शिक्षण मिळते. समालोचक बैलजोडीच्या मालकाचे नाव अगदी घरगुती आवाजात सांगतो, आणि झेंडी पडताच काही सेकंदांत त्याचा आवाज आभाळाला जातो. ज्याने त्या घरगुती आवाजावर माइक लावला, त्याच्या मशीनवरचा क्लिपिंगचा लाल दिवा जोडी सुटताच लागतो. ज्याने आरोळीवर लावला, त्याचे टिकते. उलट टोकाचे उदाहरण गुरुकुंज मोझरीचे.  तिथे राष्ट्रसंत तुकडोजी महाराजांच्या पुण्यतिथी महोत्सवात दुपारी ४ वाजून ५८ मिनिटांनी प्रचंड जनसमुदाय मौन राहून श्रद्धांजली वाहतो. अशा क्षणी मशीनचे नॉब विनाकारण पूर्ण उघडे असतील किंवा अर्थिंगमध्ये घोळ असेल, तर तेवढे एक यंत्रच भुणभुणत राहते.

चालू-बंद करण्याचा क्रम असा: आधी मिक्सर, शेवटी मशीन, बंद करताना आधी मशीन, शेवटी मिक्सर. उलटे केले की मिक्सरचा धक्का मशीनमधून मोठा होऊन 'धप्प' असा बाहेर येतो आणि कोनाला एकदम शेवटच्या टोकाला नेतो. चालू माइकची वायर ओढल्यानेही हेच होते. माइकवर टिचक्या मारू नयेत, फुंकू नये. पुढाऱ्याने माइक हातात घेऊन कर्ण्यासमोर चालत जाऊ नये; त्यातून निघणारी शिटी म्हणजे टॉपच्या युनिटसाठी अखंड पूर्ण ताकद असते. पण पुढाऱ्याला हे सांगायला जाणारा ऑपरेटर अजून जन्माला यायचा आहे, म्हणून शिटी सुरू होताच मिक्सरवरचा फेडर खाली ओढण्याचा सराव ठेवावा.

लाल दिव्याचा अर्थ साधा आहे. ठोक्याला कधीमधी मिचकला तर चालते. लागून राहिला तर आवाज कमी करायचा, गाणे कोणतेही असो. लिमिटर असेल तर तो संकेताला मर्यादेच्या आतच दाबतो. मात्र त्याच्यावर भिस्त ठेवून सतत दाबलेलेच वाजवले, तर सरासरी पुन्हा वाढते आणि कॉइल पुन्हा तापते. शिवाय लिमिटरची कळ अध्यक्षाच्या हाती लागू नये अशा जागी असावी. जगभरचे जाणते ऑपरेटर अशा अध्यक्षांसाठी मिक्सरवर कशालाही न जोडलेला एक फेडर मोकळा ठेवतात. आवाज वाढव म्हणून कोणी आले की त्याच्या डोळ्यांदेखत तो फेडर वर सरकवायचा. बहुतेकांना फरक ऐकूही येतो, आणि ते समाधानाने परत नाचायला जातात. स्पीकर वाचवण्याच्या ज्ञात उपायांत इतका बिनखर्ची दुसरा नाही.

कायद्याची बाजू थोडक्यात आहे. ध्वनिप्रदूषण नियम २००० सालचे. रात्री १० ते सकाळी ६ ध्वनिक्षेपक बंद. वर्षातल्या ठरावीक, जास्तीत जास्त १५ दिवसांना राज्य सरकार १२ पर्यंत सवलत देऊ शकते. निवासी भागात दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबल ही मर्यादा आहे. शाळा, दवाखाने आणि न्यायालये यांच्याभोवतीचा १०० मीटरपर्यंतचा भाग राज्य सरकार शांतता क्षेत्र म्हणून जाहीर करू शकते. ५५ डेसिबलच्या मर्यादेत राहणारे मशीन क्लिप झाल्याचे उदाहरण मिळणे कठीण, म्हणजे या नियमांचा सर्वांत मोठा लाभार्थी खुद्द स्पीकरच आहे. दुसरा लाभार्थी ऑपरेटर. १०० डेसिबलच्या आवाजात पंधरा मिनिटांपेक्षा जास्त थांबू नये अशी कामगार-आरोग्याची शिफारस आहे आणि तो बिचारा रात्रभर बॉक्सच्या मागे उभा असतो. त्याने कानात बोळे घालावेत. त्याचा आणखी एक फायदा म्हणजे अध्यक्षाचे आदेशही जरा कमी ऐकू येतात.

जळलेल्या बेसला नवी कॉइल आणि कोन बसवून मिळतो, टॉपची डायफ्रॅमही बदलून मिळते, पण त्या रात्रीची मिरवणूक मुकीच जाते. म्हणून लाल दिवा लागल्यावर कोणालाही न विचारता आवाज कमी करणारा ऑपरेटर ज्या मंडळाला सापडेल, त्याने भाड्याची घासाघीस न करता पुढच्या वर्षीची तारीख त्याच्याकडे आजच पक्की करून ठेवावी.